उताराचा आकार आणि पाण्याची वाट



एकाच टेकडीच्या उतारावर दोन भावांची शेते असतात. पाऊस दोघांवर सारखाच पडतो. बियाणे एकाच दुकानातले, पेरणीही एकाच आठवड्यातली. तरी एकाचे सोयाबीन मुळाशी पाणी साचून श्रावणात पिवळे पडते आणि दुसऱ्याचे पीक आठ दिवसांची उघडीप मिळाली की माना टाकते. लोक म्हणतात, हा ज्याच्या त्याच्या जमिनीचा गुण. ते खरे आहे. पण एकाच टेकडीवर जमिनीचे गुण इतके निराळे का व्हावेत?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ वेळा उताराच्या आकारात सापडते. उतार किती तीव्र आहे, हे आपण पाहतो. तो फुगीर आहे की खोलगट, इकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पाणी कोठे पसरावे, कोठे गोळा व्हावे, माती कोठून जावी आणि कोठे बसावी, हे हा आकारच ठरवतो. तो ओळखता आला तर बांध कोठे घालावा, विहीर कोठे खणावी आणि घर कोठे बांधू नये, हे कळू लागते.

मुठीवरचा प्रयोग

हाताची मूठ वळा, बोटांची पेरे वर येऊ द्या आणि मुठीवर तांब्याने पाणी ओता. पेरांच्या उंचवट्यांवर पाणी क्षणभरही थांबत नाही, ते दोन्ही बाजूंना सांडते. दोन पेरांमधल्या खाचांत मात्र दोन्हीकडचे पाणी येऊन मिळते आणि तेथून धार लागते. टेकडीवर हेच घडते. डोंगराचा जो भाग पुढे आलेला असतो त्याला आपण सोंड म्हणतो. दोन सोंडांच्या मधली खोलगट जागा म्हणजे बेचके. सोंड पाणी वाटून टाकते, बेचके पाणी गोळा करते. जेथे सोंडही नाही आणि बेचकेही नाही, तेथे पाणी सरळ, समान पसरून उतरते.

या एका गोष्टीतून पुढच्या अनेक गोष्टी निघतात. सोंडेवर पाणी टिकत नाही, म्हणून तेथे माती पातळ व मुरमाड असते आणि पीक लवकर सुकते. बेचक्यात दोन्ही अंगांनी पाणी येते, त्याबरोबर मातीही येते. म्हणून तेथे मातीचा थर जाड असतो, ओल उशिरापर्यंत राहते आणि अतिवृष्टीत जमीन चिबडते. वर सांगितलेल्या दोन भावांपैकी एक सोंडेवर आहे आणि दुसरा बेचक्यात, एवढाच फरक असू शकतो.

आता बाजूने पाहा

टेकडी समोरून पाहिली तर सोंडा व बेचकी दिसतात. तीच दुरून, बाजूने पाहिली तर तिचे चार भाग दिसतात: वरचा माथा, त्याखालचा फुगीर खांदा, मधली सरळ पाठ आणि शेवटी खोलगट होत जाणारा पायथा.

माथा गोलसर का असतो, याचा विचार ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९०९ साली मांडला. त्याचे म्हणणे साधे होते. उतारावरची माती नेहमीच अगदी सावकाश खाली सरकत असते. ओल्याने ती फुगते, उन्हाने आक्रसते, मुंग्या, गांडुळे आणि गुरांचे खूर तिला हलवतात. आणि दर वेळी ती थोडी खालीच जाते. माथ्यावरून फक्त माथ्याचीच माती जाते. त्याच्या थोड्या खालून माथ्याची आणि तेथली अशी दोन्ही माती जावी लागते. आणखी खाली आणखी जास्त. एवढी वाढती माती पुढे सरकायची तर उतारही हळूहळू तीव्र व्हायला हवा. म्हणून माथ्यापासून खांद्यापर्यंत टेकडी फुगीर होते.

खाली येता येता पाण्याचा जोर वाढतो आणि मातीच्या सरकण्यापेक्षा पाण्याचे वाहणे वरचढ ठरते. बऱ्याच ठिकाणचे पाणी एकत्र आलेले असल्यामुळे कमी उतारावरूनही ते माती वाहून नेऊ शकते. म्हणून पायथा खोलगट व सपाट होत जातो. उतार कमी झाला की पाण्याचा वेग कमी होतो आणि वरून आणलेली माती तेथे बसते. गावातली भारी काळी जमीन बहुधा पायथ्याशी व नदीकाठी असते. त्या मातीचा मोठा हिस्सा वरून आलेला असतो.

खांदा व पाठ यांच्या सांध्यावर सर्वांत जास्त सांभाळावे लागते. तेथे उतार वाढतो, वेग वाढतो आणि पाणी अजून थांबलेले नसते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा मारा चौपट होतो. बारीक ओघळी प्रथम येथेच दिसतात. दोन-तीन पावसाळे दुर्लक्ष केले की ओघळीची घळ होते आणि मग ती बैलाने किंवा ट्रॅक्टरने ओलांडता येत नाही.

आपल्या टी. टी. नगरच्या आसपास

हे सारे पाहायला दूर जावे लागत नाही. टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, त्यानंतरच्या काळात ही वस्ती वाढली. एका अंगाला श्यामला टेकडी, दुसऱ्या अंगाला अरेरा टेकडी. टेकड्या विंध्य वालुकाश्माच्या आहेत आणि आसपासच्या सखल भागात काळी माती आहे. रस्त्यांचे चढउतार पायांना कळतातच. उत्तरेकडच्या उतारांचे पाणी छोट्या तलावाच्या बाजूला जाते आणि दक्षिणेकडच्या उतारांचे शहापुऱ्याच्या तलावाच्या बाजूला. शेवटी दोन्हीकडचे पाणी बेतवा नदीच्याच खोऱ्यात पोचते, पण वाटा वेगळ्या.

भोपाळचा मोठा तलाव हा तर उतार वाचण्याचा धडाच आहे. परंपरेने त्याचे श्रेय अकराव्या शतकातल्या राजा भोजाला दिले जाते. कोलांस नदी जेथे दोन टेकड्यांच्या बेचक्यातून निघते, तेथे मातीचा बांध घातला आणि एवढा विस्तीर्ण जलाशय उभा राहिला. बांध लहान, पाणी मोठे. कारण जागा अचूक निवडली होती. भोजपूर येथेही टेकड्यांमधल्या खिंडी दगड-मातीच्या बांधांनी बंद करून बेतवेचे पाणी अडवले होते. तो विशाल तलाव पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशाहाने फोडला, असे सांगतात. भोपाळचा छोटा तलाव छोटे खान यांनी १७९४ साली बांधला. १९६५ साली भदभदा येथे ११ दरवाजे बसवून मोठ्या तलावाच्या सांडव्याची व्यवस्था झाली.

मोठ्या तलावाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे, आणि त्यातला बहुतेक भाग शेतीचा आहे. २००२ साली हे तलाव रामसर यादीत गेले, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्यांची गणना झाली. भोपाळच्या पिण्याच्या पाण्याचा काही भाग आजही मोठ्या तलावातून येतो. सीहोरकडच्या एखाद्या शेताच्या खांद्यावरून जी माती व जे खत पहिल्या पावसात वाहून जाते, ते कोलांस नदीने तलावात येते. शेतकऱ्याचे नुकसान आणि नळाच्या पाण्याचे नुकसान एकाच ओघळीतून होते.

मुलताईचा पाणलोट

बैतूल जिल्ह्यात मुलताईला आपले अनेक मराठी शेतकरी राहतात. तेथे तापी उगम पावते आणि पश्चिमेला वाहत जाऊन अरबी समुद्राला मिळते. त्याच तालुक्यात खैरवानी गावाजवळ वर्धा नदी उगम पावते. तिचे पाणी प्राणहितेतून गोदावरीला आणि तेथून बंगालच्या उपसागराला जाते. पठार एकच, ढगही एकच. पण जमिनीच्या धारेच्या या बाजूला पडलेला थेंब एका समुद्राला जातो आणि त्या बाजूचा दुसऱ्या समुद्राला. प्रत्येक शेतात अशी एक लहानशी धार असते. ती कोठून जाते हे ज्याला माहीत आहे, त्याला शेतात येणारे पाणी किती आणि कोणाच्या रानातून येते, हेही कळते.

पाण्याचा हिशेब

एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर ते पाणी एक लाख लिटरहून थोडे अधिक भरते. बेचक्याच्या तोंडाशी तुमचे एक एकर असेल आणि वर पाच एकरांचा उतार तिकडे वळलेला असेल, तर एका जोरदार सरीत पाच लाख लिटर पाण्यापैकी जेवढे मुरणार नाही तेवढे तुमच्या बांधावर येऊन आदळणार. अशा ठिकाणी केवळ बांध उंच करून भागत नाही. बांध फुटतो, आणि फुटलेला बांध नसलेल्या बांधापेक्षा जास्त माती नेतो. पाणी वरच्या वर, थोडे थोडे अडवणे हाच उपाय.

माथ्यापासून पायथ्याकडे

हा उपाय महाराष्ट्रात गावोगावी रुजवण्यात आपल्या एका धर्मगुरूंचा मोठा वाटा आहे. स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर हर्मन बाखर १९४८ साली भारतात आले आणि अहमदनगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) दुष्काळी शेतकऱ्यांमध्ये त्यांनी आयुष्य घालवले. तेथील सोशल सेंटरचे काम त्यांनी उभारले. पुढे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागची प्रेरणा तेच होते. १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही पाणलोटाचे काम करणारी संस्था सुरू केली. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

या कामाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: काम माथ्यापासून सुरू करा आणि पायथ्याकडे या. नाल्यातला मोठा बंधारा लोकांच्या डोळ्यांत भरतो, म्हणून सगळ्यांना तो आधी हवा असतो. पण वरचा डोंगर उघडा असेल तर तो बंधारा काही पावसाळ्यांत गाळाने भरतो. माथ्यावर गवत व झाडे, खांद्यावर समपातळी चर, पाठीवर बांध, बेचक्यात दगडी अडथळे आणि सर्वांत शेवटी नाल्यात बंधारा, असा क्रम ठेवला तर खालचे काम टिकते. त्याबरोबर गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान पाळावे लागते. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या कमी पावसाच्या गावाने हे करून दाखवले.

येथे माणसांचाही प्रश्न येतो. माथा बहुधा गायरान किंवा वनखात्याचा असतो, खांद्यावर गरिबाची हलकी जमीन असते आणि पायथ्याला बागाईतदार. चराईबंदीचा त्रास शेळी पाळणाऱ्याला होतो आणि वाढलेले पाणी खालच्या विहिरीला मिळते. म्हणून खालच्याने वरच्याच्या कामात हात लावला पाहिजे आणि चाऱ्याची सोय सर्वांनी मिळून केली पाहिजे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा उतारावर अशी पाळावी लागते.

कोठे काय करावे

१. माथा: नांगरू नये. गवत वाढू द्यावे, कापून न्यावे, गुरे मोकळी सोडू नयेत.

२. खांदा व सोंड: समपातळी चर खणावेत आणि त्यांच्या मातीवर झाडे लावावीत. शेती करायचीच तर तीळ, ज्वारी यांसारखी कमी पाण्याची पिके घ्यावीत.

३. पाठ: नांगरट व पेरणी उताराला आडवी करावी. हे बिनखर्चाचे काम आहे. उभ्या तासांतून पाणी पन्हाळीतून धावावे तसे धावते. आडव्या तासांत प्रत्येक सरी एक लहान बांध होते.

४. बेचके: येथे नांगर घालू नये. वरपासून खालपर्यंत गवताचा पट्टा ठेवावा म्हणजे पाणी गवतावरून निघून जाईल. ओघळ पडली असेल तर वरच्या टोकापासून अनघड दगडांचे छोटे बांध घालत यावे. दगडी बांधाची मधली बाजू काठांपेक्षा नीच ठेवावी, नाहीतर पाणी कडेने वाट काढते.

५. पायथा: पाणी बाहेर काढण्याची सोय आधी करावी. तूर व सोयाबीन यांना साचलेले पाणी सोसत नाही. अशा जागी रब्बीचा गहू किंवा हरभरा चांगला येतो, कारण ओल टिकते.

काळ्या जमिनीबद्दल एक सूचना. भारी काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पाणी लवकर मुरू देत नाही. तेथे अगदी समपातळीत घातलेल्या बांधामागे पाणी तुंबते, पीक सडते आणि भेगांतून बांध फुटतो. म्हणून बांधाला शंभर फुटांत तीन-चार इंच इतका हलका ढाळ द्यावा आणि पाणी गवताच्या पट्ट्यात सोडावे. माती तपासून घ्यायची किंवा अवजारांची माहिती हवी असेल तर भोपाळातच नबीबाग येथे भारतीय मृदा विज्ञान संस्था आणि केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहेत.

समपातळी रेषा काढायला महाग यंत्र लागत नाही. सारख्या लांबीच्या दोन सहा-सात फुटी काठ्या वरच्या टोकाला बांधून पाय फाकवावेत, मधे आडवी काठी बांधावी आणि शेंड्यावरून दोरीने दगड लोंबता सोडावा. चौकट जमिनीवर ठेवून दोरी आडव्या काठीवर जेथे येते तेथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागी पाय ठेवावेत आणि दुसरी खूण करावी. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर तिसरी खूण करावी. दोरी त्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत, असे समजावे. एक एक पाऊल पुढे टाकत खुंट्या ठोकत जावे. ही रेषा सोंडेवर बाहेर आणि बेचक्यात आत वळलेली दिसेल. टेकडीचा आकार तेव्हा जमिनीवरच रेखलेला पाहायला मिळतो.

घर, विहीर आणि आरोग्य

जमिनीवरचे पाणी जसे उताराने जाते, तसे जमिनीखालचेही बहुधा जाते. म्हणून पिण्याच्या पाण्याची विहीर संडास, शोषखड्डा आणि उकिरडा यांच्यापेक्षा वरच्या अंगाला हवी आणि दोहोंत निदान पन्नास फूट अंतर हवे. बेचक्यातल्या विहिरीला पाणी भरपूर लागते, पण वरची सारी घाणही तिच्याकडेच येते. तिला उंच कठडा व भोवती पक्का ओटा बांधावा आणि वरून येणारे पाणी चर काढून बाजूने वळवावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी गढूळ आले तर ते गाळून उकळल्याशिवाय पिऊ नये. हगवण, कावीळ आणि विषमज्वर अशाच पाण्यातून घरात येतात. पायथ्याशी साचलेली डबकी आठवड्याच्या आत वाहती करावीत, म्हणजे डासांची पैदास होणार नाही.

जेथे घर बांधू नये

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी अशीच दरडीखाली सापडली. प्रत्येक ठिकाणची परिस्थिती निराळी होती, पण पावसाची झड सगळीकडे होती.

पावसाने दरड का सुटते, हे समजून घेणे अवघड नाही. बेचक्यात माती जाड असते आणि जमिनीखालचे पाणीही तेथेच गोळा होते. झड लागली की मातीच्या कणांमधली सारी जागा पाण्याने भरते. ते पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलते, त्यांची पकड सुटते आणि खालच्या खडकावरून सारा थर घसरतो. पायथा खोदून जागा सपाट केली असेल तर वरच्या मातीचा आधारच गेलेला असतो. भोपाळच्या बुटक्या टेकड्यांवर असे सहसा घडत नाही. परंतु सातपुड्यात आणि सह्याद्रीत ज्यांची घरे किंवा नातेवाईक आहेत, त्यांनी ही चिन्हे ओळखावीत: उतारावर वरच्या अंगाला नव्या भेगा पडणे, झाडे किंवा खांब कलणे, भिंतीला चीर जाणे, दारे अडकू लागणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, वाढणे किंवा बंद पडणे. यांतले काहीही दिसले तर सामानाचा विचार न करता मुलाबाळांसह बाजूच्या सोंडेकडे किंवा दूर सपाटीवर जावे, नाल्याच्या वाटेने खाली पळू नये, आणि तहसील कचेरीला कळवावे. नवे घर बेचक्याच्या तोंडाशी बांधू नये. खडकावर व वाळूवर बांधलेल्या घरांचा प्रभूचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. जागा पारखून बांधणाऱ्यालाच त्यात शहाणा म्हटले आहे.

या पावसाळ्यात करावयाचे एक काम

एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ती जायला काही सरी पुरतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. त्या घराचा आपल्या वाट्याला आलेला कोपरा म्हणजे आपले शेत.

पहिला मोठा पाऊस येईल तेव्हा इरले किंवा छत्री घेऊन, विजा चमकत नसतील अशा वेळी शेतात एक फेरी मारा. मुलांना बरोबर घ्या. पाणी कोठून आत येते, कोठे धावते, कोठे थांबते आणि कोठून गढूळ होऊन बाहेर जाते, त्या प्रत्येक जागी एक खुंटी ठोका. ऊन पडल्यावर त्या खुंट्यांकडे पाहा आणि शेजाऱ्यालाही दाखवा. पुढच्या उन्हाळ्यात काम कोठून सुरू करायचे, हे त्या खुंट्या सांगतील. त्यांतली सर्वांत वरची खुंटी कदाचित शेजाऱ्याच्या बांधापलीकडे असेल. तेथूनच, दोघांनी मिळून, सुरुवात करावी.